स्लो कुकर आणि आपली कडधान्यं: बरेच महिने वापरून झाल्यावर

सरळच सांगते, स्लो कुकर आला म्हणून आमचा प्रेशर कुकर काही कपाटात गेलेला नाही आणि जाणारही नाही. वरणभात, उकडलेले बटाटे, आयत्या वेळी टपकलेले पाहुणे, यासाठी शिट्टीच पाहिजे. पण अख्खी कडधान्यं, म्हणजे छोले, हरभरे, काळे वाटाणे, अख्खा उडीद, कुळीथ, ही आता आमच्याकडे जवळजवळ कायम स्लो कुकरमध्येच शिजतात. हा रिव्ह्यू तेवढ्याच कामाबद्दल आहे, केक आणि चिकनवाले रिव्ह्यू नेटवर ढिगाने पडलेत ते तिकडे वाचा.

आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो, दोघंही नोकरीवाले, घर भाड्याचं, किचन हॉललाच जोडलेलं आणि स्मोक अलार्म इतका नाजूक की मोहरी तडतडली तरी बोंबलायला लागतो. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे त्यामुळे रात्री नऊनंतर शिट्ट्या करायला कसंतरीच वाटायचं. म्हणून हा घेतला, साडेतीन लिटरचा, अगदी साधा, आत सिरॅमिकचं जाड भांडं, वर काचेचं झाकण, पुढे एकच खटका फिरवायचा, लो, हाय आणि वॉर्म. टायमर नाही, डिस्प्ले नाही, बीप नाही. ब्रँड लिहीत नाही कारण या साइजचे सगळे साधे स्लो कुकर आतून सारखेच असतात, भांड्याच्या भोवती एक तापणारी पट्टी, बास.

आधी हे काम कसं करतं ते समजून घ्या म्हणजे नंतर शिव्या घालायची वेळ येत नाही. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे आतलं पाणी 120 अंशाच्या आसपास जातं म्हणून छोले वीस-पंचवीस मिनिटांत शिजतात. स्लो कुकरला दाब नाही, तो उकळीच्या अलीकडेच घुटमळतो, आणि तिथपर्यंत पोचायलाही त्याला काही तास लागतात. लो आणि हाय मध्ये फरक मुख्यतः हा की हाय वर तो तिथे लवकर पोचतो. गावी चुलीच्या वैलावर आजी हरभऱ्याचं पातेलं सरकवून ठेवायची आणि स्वतः शेताकडे जायची ना, हा तोच विजेवरचा वैल समजा. खदखदत नाही त्यामुळे दाणा दाण्यावर आपटत नाही, सालं सुटत नाहीत, वर फेस येऊन शिट्टीच्या भोकात अडकायची भानगड नाही. छोले पूर्ण मऊ आणि तरी अख्खेच्या अख्खे, हे कुकरमध्ये मला कधी जमलं नव्हतं, तिथे अर्धे फुटलेले आणि अर्धे मधे कचकचीत असायचे.

माझी पद्धत अशी. रात्री जेवणं झाली की छोले भिजत घालायचे, सकाळी ऑफिसला जायच्या आधी ते पाणी फेकून द्यायचं, भांड्यात घालून वर दोन बोटं पाणी राहील इतकं किटलीतलं गरम पाणी ओतायचं, एक तमालपत्र, थोडं मीठ, लो वर ठेवून निघायचं. संध्याकाळी आलं की तयार. सुट्टीच्या दिवशी हाय वर ठेवले की तीन-चार तास. पाणी कुकरच्या अंदाजाने किंवा पातेल्याच्या अंदाजाने घालू नका, यातून वाफ फारशी बाहेर जातच नाही, घातलं तेवढं जवळपास तसंच राहतं. आणि गरम पाणीच घाला, गार पाण्याने सुरुवात केली तर पहिले दोन तास तो नुसता कोमटच राहतो. मात्र भांडं फ्रीजमधून काढलेलं असेल तर त्यावर उकळतं पाणी ओतू नका, सिरॅमिक आहे, तडकतं. उलटंही तेच, गरम भांडं लगेच गार नळाखाली धरायचं नाही.

आता राजमा. हा पॅरा तरी नीट वाचा, बाकी सगळं सोडलंत तरी चालेल.

राजम्याच्या कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचा एक विषारी घटक असतो, लाल राजम्यात सगळ्यात जास्त. नीट उकळला की तो संपतो, पण 80 अंशाच्या आसपास रेंगाळला तर संपत नाही, उलट कच्च्या राजम्यापेक्षाही जास्त, पाचपटीपर्यंत त्रासदायक होऊ शकतो असं अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने, म्हणजे एफडीएने, लिहून ठेवलंय. आणि स्लो कुकर लो वर तासन् तास नेमका तिथेच रेंगाळत असतो. चार-पाच दाणे पोटात गेले तरी पुरतात, एक ते तीन तासांत उलट्या, मळमळ, मग जुलाब. माणूस काही तासांत सावरतो पण ते काही तास कोणावर येऊ नयेत. ब्रिटनमध्ये 1970-80 च्या दशकांत असे बरेच प्रकार नोंदले गेले, म्हणून इथल्या दुकानातल्या सुक्या राजम्याच्या पाकिटावर उकळण्याची सूचना छापलेली असते. आपल्या इंडियन दुकानातल्या सुट्या पाकिटावर ती असेलच असं नाही.

उपाय सोपा आहे, राजमा किमान पाच तास, मी तर रात्रभरच, भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नवीन पाण्यात गॅसवर दहा मिनिटं चांगला खळखळून उकळायचा, आणि मगच स्लो कुकरमध्ये. दहा मिनिटं पुरतात, एफडीए अर्धा तास सांगते, मी मधला मार्ग म्हणून पंधरा-वीस मिनिटं उकळते. खळखळून म्हणजे खळखळून, कडेला बुडबुडे आले म्हणजे उकळी नव्हे. दाणा मऊ लागतोय म्हणजे झालं असंही समजू नका, मऊ होणं वेगळं आणि हे वेगळं.

आणि हे फक्त पंजाबी राजम्यापुरतं नाहीये, आपल्याकडे हे कोणी बोलतच नाही. साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा, कोरेगावच्या घेवड्याला तर जीआय टॅग आहे, तो राजम्याच्याच जातीचा, भाऊबंदच. कॅनेलिनी म्हणून इथे जे पांढरे मिळतात ते पण त्याच घरातले, त्यांच्यात प्रमाण कमी असतं पण असतं. डबल बी वेगळी पण मी ती पण आधी उघड्या पातेल्यात उकळूनच घेते. छोले, हरभरे, मूग, मसूर, चवळी, उडीद यांना याची गरज नाही. पण दाल मखनीत मूठभर राजमा टाकतो ना आपण, तिथे लोक फसतात, उडदाबरोबर तोही थेट रात्रभर लो वर जातो. तो मूठभर आधी वेगळा उकळा.

गंमत म्हणजे हे यंत्र मुळात बीन्ससाठीच बनलंय. इर्व्हिंग नॅक्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने याचं पेटंट 1940 मध्ये मिळवलं आणि विकायला काढलं तेव्हा नाव काय तर ‘नॅक्सन बीनरी’. त्याची आई लिथुआनियातल्या विल्ना शहरातल्या ज्यू लोकांच्या चोलंटबद्दल सांगायची, बीन्स, बार्ली, बटाटे, मांस असं सगळं घातलेलं भांडं शुक्रवारी संध्याकाळी बेकरीच्या विझत चाललेल्या भट्टीत ठेवायचं आणि शनिवारी काढायचं, कारण शब्बाथला, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही. त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. नंतर 1970 मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि 1971 मध्ये ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आणलं, तेव्हापासून लोक त्यात मांसच जास्त शिजवतात.

आता पाणी. ही गोष्ट कुठल्याच माहितीपुस्तिकेत नव्हती. रेडिंगचं पाणी भयंकर जड आहे, किटलीत महिन्याभरात पांढरा थर बसतो, लंडनकडेही तेच. जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्याच्या सालातल्या पेक्टिनला, म्हणजे साल बांधून ठेवणाऱ्या घटकाला, धरून बसतं आणि साल मऊच होत नाही. कुकरमध्ये दाबाच्या जोरावर ते खपून जातं, स्लो कुकरमध्ये मात्र सरळ कळतं, आठ तासांनंतर पण दाताखाली साल येतं. फिल्टरच्या जगमधलं पाणी वापरायला लागले आणि मोठाच फरक पडला. ग्लासगोला माझी मैत्रीण आहे, तिच्या नळाला हलकं पाणी येतं, तिचे छोले तोच वेळ लावून माझ्यापेक्षा मऊ होतात, तिला फिल्टरबिल्टर काही लागत नाही.

दुसरं मीठ. ‘मीठ शेवटी घाला नाहीतर शिजत नाही’ हे मी पण ऐकत आले, पण भिजवतानाच पाण्यात मीठ घातलं तर उलट सालं मऊ पडतात आणि फुटतही नाहीत, मिठातलं सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेतं म्हणून. लिटरभर पाण्याला एक सपाट चमचा मीठ, ते पाणी फेकायचंच आहे. खायचा सोडा पण चालतो, अगदी चिमूटभर, जास्त झाला की साबणासारखी चव आणि दाण्याचा गिलावा. आंबट मात्र खरंच शेवटी. टोमॅटो, चिंच, आमसुलं, आमचूर यातलं काहीही सुरुवातीला घातलं की दाणा हट्टाला पेटतो. गूळही मी शेवटीच घालते. अमेरिकेतले बॉस्टन बेक्ड बीन्स मोलॅसिसमध्ये, म्हणजे काकवीसारख्या पाकात, तासन् तास राहूनही विरघळत नाहीत, ते याचमुळे.

आणि जुना माल. दीड-दोन वर्षं कुठल्यातरी दमट गोडाऊनमध्ये पडलेले छोले असतील तर स्लो कुकर त्यांचं काही वाकडं करू शकत नाही. एका दुकानातून आणलेली पिशवी अशीच निघाली, फिल्टरचं पाणी, मीठ, सोडा, बारा तास, काही उपयोग नाही, शेवटी कुकरमध्ये टाकून हमूस केलं. आता जिथे माल भराभर खपतो अशाच दुकानातून घेते आणि थोडाथोडाच घेते.

सगळ्यात जास्त आनंद दिला तो काळ्या वाटाण्यांनी. सासर कुडाळकडचं, त्यामुळे काळ्या वाटाण्याचं सांबारं हा घरात भावनेचा प्रश्न आहे. हा दाणा मुळातच हट्टी, कुकरमध्ये सात-आठ शिट्ट्या केल्या तरी दोनचार गोळ्या राहतातच. मागे सासूबाई इथे राहायला आल्या होत्या, रात्री मी वाटाणे लो वर ठेवले तर त्या दोनदा उठून बघून गेल्या, एकदा तर खटका बंद आहे समजून मला हाक मारली कारण आवाजच नाही, वाफ नाही, काही नाही. सकाळी मी ब्रश करत होते तोवर त्यांनी झाकण काढून पळीवर चार दाणे घेतले होते. एक अंगठा आणि बोटात धरून दाबला, साल तसंच राहिलं आणि आतला गर लोण्यासारखा पसरला. मग दुसरा दाबला. मग तिसरा तोंडात टाकला. ‘शिजलेत गो’ एवढंच म्हणाल्या आणि वाटण भाजायला लागल्या. पण खरी मजा त्या खालच्या पाण्यात होती, काळसर-चॉकलेटी, दाट, ओट्यावर सांडलं तर बोट चिकटेल असं. कुकरच्या पाण्यात हा दाटपणा येत नाही मला तरी. भाजलेलं कांदा-खोबऱ्याचं वाटण, मालवणी मसाला, दोन आमसुलं, वीस मिनिटं वेगळ्या पातेल्यात उकळलं आणि त्याबरोबर आंबोळ्या. त्या जायच्या आदल्या दिवशी कुडाळला असा कुकर मिळतो का आणि लाईट गेली तर काय करायचं, असं विचारत होत्या.

तर लाईट गेली तर हे पण सांगून ठेवते, भारतात वापरणाऱ्यांसाठी. साध्या खटक्याचा असेल तर लाईट आल्यावर आपोआप परत चालू होतो, डिजिटलवाले बरेचसे बंदच राहतात. घरी असाल आणि लाईट गेलेली कळली तर सरळ गॅसवर घेऊन शिजवून टाका. पण रात्री झोपेत किती वेळ गेली होती तेच कळलं नाही तर ते कडधान्य खायचं नाही, कोमट पाण्यात तासन् तास राहिलेलं असतं ते. खटकेवाल्याचा अजून एक फायदा म्हणजे प्लगला स्वस्तातला फिरवायचा टायमर लावता येतो. ऑफिसचा दिवस दहा तासांचा होतो आणि छोल्यांना सात-आठ पुरतात, तर टायमर बाकीचं बघतो.

कुळथाचं कळण काढायचं असेल तर याला तोड नाही, रात्रभर लो वर, सकाळी गाळून घ्या, ताक घालायचं असेल ते पूर्ण गार झाल्यावर. अख्खा उडीद पण असाच, रात्रभर ठेवला की सकाळी आपोआप दाट, मलईसारखा, नंतर लोणी-क्रीम निम्मं घातलं तरी चालतं. अख्खा मसूर भिजवायचीही गरज नाही, हाय वर अडीच-तीन तास, कोल्हापूरच्या ढाब्यावरच्यासारखा करायचा असेल तर फोडणी मात्र झणझणीत वेगळी द्यायला लागेल. पांढरे वाटाणे विरघळतात, म्हणजे रगड्याला मस्त, उसळीला बेकार.

कशाला घेऊ नका ते पण ऐका. मोड आलेली मटकी यात घालणं म्हणजे पाप आहे. मोड काढायला दोन दिवस घालवायचे आणि मग त्याचा लगदा करायचा, मिसळीची मटकी दाताखाली यायला पाहिजे, ती कढईतच झाकण ठेवून दहा-बारा मिनिटांत होते. मोडाचे मूग तसेच. डाळिंब्या तर विचारूच नका, एवढे वाल भिजवून, मोड काढून, सोलून बोटं सुरकुतलेली असतात आणि यात ते मोडून पिठलं होतं. तुरीची डाळ शिजते पण एकजीव होत नाही, चार तास वाट बघून वर परत रवीने घोटायची, त्यापेक्षा कुकरच्या तीन शिट्ट्या.

आणि हे यंत्र शिजवतं, आमटी करत नाही. इंग्रजी रेसिपींमध्ये सगळं एकदम टाकून जा म्हणतात, कच्चा कांदा, लसूण, पावडरी, सगळं. मी करून बघितलं, कांद्याचा एक उग्र वास शेवटपर्यंत राहतो आणि मसाले सपाट होतात, आठ तासांत गरम मसाल्याचा सुगंध भांड्यात न राहता पडद्यांना लागतो. आता त्यात फक्त दाणे, मीठ, तमालपत्र, फार तर आल्याचा तुकडा. फोडणी आणि वाटण वेगळं, शेवटी. म्हणजे संध्याकाळी आल्यावर अर्धा तास ओट्याशी उभं राहायचं आहेच, हे धरून चाला. आणि दर तासाला झाकण उघडून बघणाऱ्यांनी हा घेऊच नये, प्रत्येक वेळी वीस-तीस मिनिटं वाढतात. आमच्याकडे नवऱ्याला ती सवय होती, आता झाकणावर चिठ्ठी चिकटवलीये.

विजेचं. जाहिरातीत वीज वाचते म्हणतात, ते ओव्हनशी तुलना करून. आपण ओव्हनमध्ये छोले कधी शिजवले होते? प्लगला मीटर लावून बघितलं तर लो वर रात्रभरात साधारण एक-सव्वा युनिट जातं, तेव्हा इथे युनिट साधारण 25 पेन्सला होतं, म्हणजे पंचवीस-तीस पेन्स. इंडक्शनवरचा प्रेशर कुकर यापेक्षा बरंच कमी खातो. ज्यांच्याकडे इकॉनॉमी 7 वाला रात्रीचा स्वस्त दर आहे त्यांना परवडेल. पैसे खरे वाचतात ते टिनचे. 400 ग्रॅमच्या टिनमध्ये पाणी काढल्यावर 240 ग्रॅमच्या आसपास छोले निघतात, आणि अर्धा किलो सुके शिजवले की सव्वा किलोच्या जवळपास होतात, म्हणजे पाच टिनचा ऐवज. मी एकदम अर्धा किलो करते, ताटात पसरून पटकन गार करते, थोड्या पाण्यासकट डब्यांत भरून फ्रीझरला.

तक्रारी. भांडं पाच किलोचं वाटतं, भरलेलं असताना सिंकपर्यंत न्यायला दोन हात आणि देवाचं नाव लागतं. बाजूचे कान तापतात. हे भांडं गॅसवर चालत नाही त्यामुळे राजमा उकळायला वेगळं पातेलं, म्हणजे घासायला एक जास्त. झाकण सैल बसतं, कडेने पाण्याचे थेंब गळून ओट्यावर डबकं होतं, खाली फडकं ठेवते. खटक्यावरची अक्षरं पुसट झालीत, आता लो कुठे आणि हाय कुठे ते पाठ आहे म्हणून चालतंय, पाहुण्यांना सांगायला लागतं. हळदीचे डाग आतल्या पांढऱ्या ग्लेझवर बसतात, सोडा लावून रात्रभर ठेवला की बरेचसे जातात. वॉर्म वर ठेवून शिजेल असं समजू नका, ते फक्त शिजलेलं गरम ठेवायला, तेही दोनेक तास.

साइजचं बरेच जण विचारतात. दोघांना साडेतीन लिटर पुरून उरतो, चौघांनाही चालतो. सहा लिटरचा स्वस्त मिळतोय म्हणून उचलू नका, भांडं निम्म्याच्या वर भरलेलं असेल तरच तो नीट काम करतो, तळाशी वाटीभर छोले घातले तर कडेचे करपतात आणि मधले तसेच राहतात, आणि सहा लिटर भरून छोले केलेत तर ते ठेवायला फ्रीझरपण दुसरा घ्यावा लागेल.